टर्बो पेट्रोल गाडी एलपीजीवर चालवताना

रोजच्या वापरातल्या वस्तूंमागचा कार्यकारणभाव समजून घ्यायचा, हा आपल्या या मालेचा हेतू. आजचा विषय टर्बो पेट्रोल गाडीला एलपीजी किट बसवण्याचा आहे. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं गॅरेजात कशाला डोकवावं, असं कुणी म्हणेल. पण कारण आणि कार्य यांचं नातं इंजिनात जितकं उघडं दिसतं तितकं ते ग्रंथात दिसत नाही, असं आम्हाला वाटतं.

या विषयावर दोन मतं ऐकू येतात. एक म्हणतं, टर्बोला गॅस लावू नका, इंजिन जळतं. दुसरं म्हणतं, टर्बोला गॅसइतकं चांगलं इंधन नाही. दोन्ही बाजूंना अनुभव आहे, म्हणून दोघांनाही खोटं ठरवता येत नाही. अशा वेळी आपले नैयायिक मदतीला येतात. जिथे धूर तिथे अग्नी, हे खरं. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे खरं नाही. लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुरासाठी ओलं इंधन लागतं. या लपलेल्या अटीला त्यांनी 'उपाधी' म्हटलं. गॅस टर्बोला मानवतो की नाही, या वादातही अशीच एक उपाधी दडलेली आहे. ती शोधू या.

आधी टर्बो म्हणजे काय ते बघू. धुराड्यातून वाया जाणाऱ्या गरम वायूवर एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्रानं बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. स्वित्झर्लंडचे आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जाळता येतं, म्हणून छोट्या इंजिनातून मोठी ताकद. पण हवा दाबली की तापते. तापलेल्या, दाबलेल्या मिश्रणात पेट्रोल ठिणगीच्या ज्योतीची वाट न बघता आपणहून भडकतं आणि पिस्टनवर ठोके बसतात. यालाच नॉकिंग म्हणतात.

आता एलपीजी. हा मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन यांचं मिश्रण. त्याचा ऑक्टेन आकडा आपल्या साध्या पेट्रोलपेक्षा वरचा, म्हणजे नॉकिंगला तो जास्त दाद देत नाही. प्रोपेनचं प्रमाण जितकं जास्त तितका हा गुण जास्त. टर्बोचं दुखणं नॉकिंगचं आणि एलपीजीचा गुण नॉकिंग टाळण्याचा, तेव्हा जोडी जमायला हवी. मग इंजिन जळतं ते कशानं?

इथे दाबाचं गणित येतं. टाकीत एलपीजी द्रवरूप असतो. तो रिड्यूसर नावाच्या डबीत येतो. तिथे इंजिनच्या गरम पाण्याच्या उबेनं त्याची वाफ होते आणि दाब उतरतो. म्हणूनच गाडी पेट्रोलवर सुरू होते आणि पाणी पुरेसं तापल्यावर गॅसवर जाते. साध्या इंजिनात आतल्या नळीतला, म्हणजे मॅनिफोल्डमधला, दाब बाहेरच्या हवेच्या वर जात नाही. टर्बोत तो जातो. हिशेब मांडू. बाहेरच्या हवेचा दाब १ बार. टर्बोनं ०.८ बार भर घातली की मॅनिफोल्डमध्ये १.८ बार झाले. समजा गॅसचा दाब कायम २ बार ठेवला. गाडी उभी असताना मॅनिफोल्डमध्ये ०.४ बार असेल, तर फरक १.६ चा, गॅस जोरात शिरतो. घाटात पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की फरक उरतो फक्त ०.२ चा. म्हणजे इंजिनला सगळ्यांत जास्त इंधन हवं असतं, नेमका तेव्हाच गॅस आत शिरायला कचरतो. मिश्रण पातळ होतं. ठिणगी चुकते, धुराड्याकडचे व्हॉल्व्ह तापतात, टर्बोचं चक्रही तापतं. बऱ्याच गाड्यांत पूर्ण ताकदीच्या वेळी ऑक्सिजन सेन्सरवरून होणारी दुरुस्ती बंद असते, त्यामुळे ही चूक आपोआप सुधारतही नाही.

उपाय साधा आहे. मॅनिफोल्डपासून रिड्यूसरपर्यंत एक बारीक नळी जोडायची. मॅनिफोल्डचा दाब वाढला की तितकाच गॅसचाही वाढतो आणि फरक सुमारे १ बार कायम राहतो. आपली उपाधी ती हीच. गॅसचा दाब टर्बोच्या दाबाबरोबर चढत-उतरत असेल, तर एलपीजी टर्बोला मानवतो. नसेल, तर इंजिन जळतं. दोन्ही मतं आपापल्या जागी खरी, अट मात्र दोघांनी सांगितलेली नसते.

या नळीच्या जोडीला आणखी दोन गोष्टी लागतात. पहिली, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र गॅस इंजेक्टर, म्हणजे सिक्वेन्शियल पद्धत. जुन्या मिक्सर पद्धतीत गॅस हवेच्या वाटेवरच मिसळतो. टर्बोच्या आधी मिक्सर बसवला, तर पुढची सगळी नळी आणि इंटरकूलर पेटाऊ मिश्रणानं भरून राहतो. उलटी ठिणगी गेली तर काय होईल ते सांगायला नको. दुसरी, इंजेक्टरची क्षमता. मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर एका सिलिंडरचं पूर्ण चक्र २० मिलिसेकंदांत संपतं. लागेल तेवढा गॅस तेवढ्या वेळात गेला पाहिजे. किटचा संगणक पेट्रोल इंजेक्टरचा संदेश वाचतो आणि त्याचं गॅसच्या भाषेत भाषांतर करतो. हे भाषांतर बरोबर आहे का, हे गाडी उभी करून कळत नाही. चढावर, भार देऊन तपासावं लागतं.

डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो गाड्यांचं प्रकरण आणखी वेगळं. तिथे पेट्रोल इंजेक्टरचं तोंड थेट ज्वलनकक्षात असतं आणि त्याला थंड ठेवतं ते त्यातून वाहणारं पेट्रोल. ते पूर्ण बंद केलं तर इंजेक्टर खराब होतो. म्हणून अशा गाड्यांची किटं गॅसबरोबर थोडं पेट्रोलही चालू ठेवतात किंवा द्रवरूप एलपीजीच त्या इंजेक्टरमधून सोडतात. आपली गाडी कोणत्या जातीची, हा पहिला प्रश्न. किंमत त्यानंतर विचारा.

कायद्याकडेही बघू. ऑगस्ट २०२२ पासून बीएस-६ पेट्रोल गाड्यांनाही सीएनजी आणि एलपीजी किट बसवायला केंद्र सरकारनं मुभा दिली आहे. पण किटला अधिकृत तपासणी संस्थेची मान्यता हवी. आपल्या पुण्यातली एआरएआय ही त्यांपैकी एक. बदलाची नोंद आरटीओकडे आरसीवर करायची आणि विमा कंपनीलाही कळवायचं. घरगुती सिलिंडर गाडीला जोडणं बेकायदा तर आहेच, शिवाय अडाणीपणाचंही आहे. त्यातून वरची वाफ निघते. भराभर वाफ ओढली की सिलिंडर गार पडतो आणि दाब घसरतो. गाडीची टाकी तळाचा द्रव देते. ती ८० टक्क्यांवर भरणं थांबवते, कारण उन्हात द्रव फुगतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर उडून जात नाही, खोलगट जागी साचतो. तळघरातल्या पार्किंगमध्ये वास आला तर गाडी सुरू करू नका, दिव्याचं बटणही दाबू नका.

पैशाचं गणित तुमचं तुम्ही मांडा. पेट्रोलवर लिटरला १५ किलोमीटर आणि एलपीजीवर १२ मिळतात असं धरलं, तर एलपीजीचा भाव पेट्रोलच्या ८० टक्के झाला की फायदा शून्य. भाव ६० टक्के असेल तर दर किलोमीटरमागे चौथा हिस्सा वाचतो. महिन्याला ८,००० रुपयांचं पेट्रोल लागत असेल तर २,००० वाचतील, सुरुवातीला जळणारं पेट्रोल वजा जाता थोडे कमीच. किटची किंमत त्यानं भागा आणि तेवढे महिने ही गाडी आपल्याकडे राहणार आहे का, ते ठरवा. नेहमीच्या रस्त्यावर पंप आहे का, हेही बघा.

एक चिठ्ठी आली आहे, तिला उत्तर देऊन थांबू. 'गॅसवर गाडी अडखळते, पेट्रोलवर नाही. दोष किटचाच ना?' हा अन्वय-व्यतिरेकाचा प्रश्न आहे. गॅस असताना दोष, गॅस नसताना दोष नाही, म्हणून कारण गॅस. पण इथेही उपाधी तपासा. गॅसचं मिश्रण पेटवायला ठिणगी जास्त जोरकस लागते. झिजलेला स्पार्क प्लग पेट्रोलवर निभावून नेतो आणि गॅसवर उघडा पडतो. तेव्हा आधी प्लग बदलून बघा. मग त्या बारीक नळीकडे बघा, ती निसटली किंवा चिरली नाही ना. त्यानंतरही अडखळली, तर किटवाल्याकडे जा आणि चढावर त्याला शेजारी बसवा.