झाडाच्या बेचक्यातले अळू

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात, नाणेघाटापासून आहुपे-भीमाशंकरापर्यंत, पावसाळा स्थिरावला की जिथे कोणी काही लावलेले नसते अशा जागी अळूसारखी रुंद पाने डोलू लागतात. आणि ही वनस्पती परसातले अळूच, की त्याचे एखादे भावंड, हा प्रश्न वनस्पतिशास्त्राइतकाच स्वयंपाकघराचाही असतो.

सुरणाच्या कुळातील या वनस्पतींची पाने बदामाच्या आकाराची असल्याने नुसत्या आकारावरून फसगत होते, म्हणून पान उलटून देठ कुठे जुळला आहे ते प्रथम पाहावे. अळूमध्ये (कोलोकेशिया) देठ पात्याच्या खाचेत न जुळता थोडा आत, पाठीच्या बाजूस चिकटतो, आणि अशा पानाला छत्राकृती म्हणतात. कासाळूच्या (अलोकेशिया) पूर्ण वाढलेल्या चकचकीत पानात मात्र तो खाचेपाशीच मिळतो. तथापि कासाळूची कोवळी पानेही छत्राकृती असतात, त्यामुळे एक-दोन पानांच्या रोपावरून निर्णय देण्याची घाई करू नये.

जुन्या आंब्या-जांभळाच्या बेचक्यात, शेवाळावर वा खडकाच्या कपारीत असे पान दिसले, तर ते बहुधा रुखाळूचे (रेमुसेशिया व्हिविपेरा) असते. ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ हाइनरिश शॉट यांनी 1832 मध्ये ही प्रजाती अळूपासून वेगळी मांडली. रुखाळूचे पानही छत्राकृतीच असते आणि फुले तर क्वचितच येतात. पण त्याच्या कंदापासून सरळ उभ्या काड्या निघतात व त्यांवर कंदिकांचे, म्हणजे नव्या रोपाला जन्म देणाऱ्या चिमुकल्या कंदांचे, झुबके धरतात. प्रत्येक कंदिकेच्या खवल्यांची टोके आकड्यासारखी वळलेली असतात आणि ती पक्ष्यांच्या पिसांत, प्राण्यांच्या केसांत अडकून दुसऱ्या झाडावर पोहोचते. बी न रुजता रोप उंच फांदीवर येते ते असे, आणि कंदिकांची ही काडीच रुखाळूची सर्वांत भरवशाची खूण होय.

डोंगरातील आदिवासी रुखाळूची पाने भाजीसाठी वापरतात. परंतु या कुळातील वनस्पतींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते तोंडाला व घशाला टोचतात, आणि म्हणूनच चिंच वा आमसूल घालून पाने पुरती शिजवण्याची रीत पडली आहे. ओळख न पटलेले पान मात्र चिंच घालूनही खाऊ नये. कंद उपटण्याऐवजी पानाची पाठ, देठाचा सांधा आणि कंदिकांची काडी यांची छायाचित्रे घ्यावीत, आणि तरीही शंका उरली तर पुण्यात 1955 पासून असलेल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या पश्चिम विभागीय केंद्रातील अभ्यासकांना ती दाखवावीत.