पोलादपूरचा कातळ मोजताना

मुंबई-गोवा महामार्गावरचा प्रवासी पोलादपूरला चहासाठी थांबतो आणि पुढे कशेडीकडे निघतो. दख्खनच्या लाव्हाचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र हे नाव वेगळ्याच कारणाने पाठ असतं. सह्याद्रीतल्या लाव्हाथरांची जी क्रमवारी १९८०च्या दशकात बसवली गेली, तिच्यात एका मोठ्या थरसमूहाचं नावच 'पोलादपूर फॉर्मेशन' आहे. त्याच्यावर 'आंबेनळी', आणि त्याच्याही वर 'महाबळेश्वर'. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणाऱ्या आंबेनळी घाटात हे तिन्ही थर एकावर एक भेटतात. मधूनमधून गेरूचे लाल पट्टे दिसतात. लाव्हाचा एक लोट थंड झाला, त्याच्या माथ्याची झीज होऊन माती बनली आणि मग पुढचा लोट तिच्यावरून वाहत गेला, अशा उसंतीच्या खुणा आहेत त्या.

या थरांवरून मोठा वाद चालू आहे. फेब्रुवारी २०१९मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दोन गटांचे निबंध एकाच अंकात आले. एका गटाने लाल थरांतल्या झिरकॉनवरून वयं काढली, दुसऱ्याने लाव्हातल्या प्लॅजिओक्लेज या खनिजातला आर्गॉन मोजून. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी डायनोसॉर ज्या संहारात संपले, त्याच्या आधी पोलादपूरचा लाव्हा बाहेर आला की नंतर, यावर दोघांचं एकमत झालं नाही. त्या वादाचा निवाडा माझ्या प्रयोगशाळेत होणार नाही. माझं काम त्याच प्लॅजिओक्लेजचे स्फटिक मोजण्याचं आहे: किती, केवढे, कोणत्या दिशेला पसरलेले. लाव्हा भराभर थंड झाला तर स्फटिक बारीक राहतात, सावकाश थंड झाला तर वाढतात, आणि काही मोठे स्फटिक जमिनीखाली असतानाच तयार होऊन वर आलेले असतात. सगळ्यांच्या लांबीचा आलेख काढला की त्या लोटाच्या प्रवासाबद्दल काहीतरी हाती लागतं. १९८८ साली ब्रूस मार्श यांनी ही पद्धत खडकांसाठी नीट मांडली, आणि तेव्हापासून भूशास्त्राचे विद्यार्थी स्फटिक मोजत बसले आहेत.

नमुने आणायला आम्ही हिवाळ्यात जातो. पावसाळ्यात आंबेनळी घाटात काम करणं धोक्याचं असतं. जुलै २०२१च्या अतिवृष्टीत इथे दरडी कोसळल्या, रस्ता तुटला. झिजलेला, मऊ पडलेला दगड आमच्या उपयोगाचा नाही. हातोडी मारल्यावर खणखणीत वाजेल असा ताजा कातळ हवा. माझ्याबरोबर येणारा विद्यार्थी पोलादपूर तालुक्यातलाच आहे, त्याचे काका विहिरी खणण्याच्या कामावर होते. कुठला दगड काळा पत्थर आणि कुठला पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या हे तो लांबूनच सांगतो. तुकडा फोडण्याआधी त्याच्यावर मार्करने दोन बाण काढायचे, एक वरच्या बाजूचा आणि एक उत्तरेचा. ते राहिले तर पुढे स्फटिकांची दिशा मोजण्याला काही अर्थ उरत नाही.

मग तो तुकडा हिऱ्याच्या करवतीने कापायचा, एक बाजू कार्बोरंडमच्या भुकटीवर घासून सपाट करायची, ती काचेवर इपॉक्सीने चिकटवायची आणि दुसरी बाजू घासत न्यायची, जाडी ०.०३ मिलिमीटर होईपर्यंत. म्हणजे ३० मायक्रॉन. काप जाड राहिला असेल तर ध्रुवीकृत प्रकाशात प्लॅजिओक्लेज पिवळसर दिसतं. करडं-पांढरं दिसायला लागलं की थांबायचं. एवढा पातळ झाला की घाटातला तो काळाकुट्ट कातळ प्रकाश आरपार जाऊ देतो. कितीही वर्षं हे काम केलं तरी पहिल्यांदा काप सूक्ष्मदर्शकाखाली सरकवताना मला अजून उत्सुकता वाटते. प्लॅजिओक्लेजच्या रंगहीन, लांबट पट्ट्या एकमेकींना छेदत पडलेल्या. त्यांच्यामध्ये फिकट तपकिरी ऑगाइट. मॅग्नेटाइटचे काळे कण. आणि उरलेल्या जागेत घाईने थिजलेली काच, जी एव्हाना हिरवट-तपकिरी होऊन गेलेली असते.

आता मोजणी. पूर्वी आम्ही छायाचित्र पडद्यावर घेऊन एकेका पट्टीवर माउसने रेघ ओढत असू, लांबी वहीत उतरवत असू. भरवशाचा आलेख हवा असेल तर एका कापातले शेकडो स्फटिक मोजावे लागतात, आणि एका लोटाचा तळ, मध्य आणि माथा धरला तर तीन काप होतात. यात वेळ जातो हे खरंच, पण माझी खरी तक्रार दुसरीच आहे. सकाळी जी अस्पष्ट पट्टी माणूस मोजतो, तीच संध्याकाळी सोडून देतो. दोन विद्यार्थ्यांना एकच चित्र दिलं तर दोन आकडे येतात, आणि फरक कुठे पडला हे कुणालाच सांगता येत नाही, कारण कुणी काय सोडलं याची नोंदच नसते.

इथे इमेज-जे हे चित्रातल्या गोष्टी मोजणारं सॉफ्टवेअर कामाला आलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रासबँड यांनी १९८७ साली मॅकिंटॉशसाठी 'एनआयएच इमेज' लिहिलं. १९९७मध्ये त्याचाच नवा अवतार जावा भाषेत आला, तो इमेज-जे. फिजी हे त्याचं सगळी अवजारं जोडून दिलेलं रूप. हे सगळं फुकट आहे आणि साध्या संगणकावरही चालतं, त्यामुळे तालुक्याच्या महाविद्यालयातही ते वापरता येईल. जीवशास्त्रज्ञ ते पेशी मोजण्यासाठी वापरतात, पण पेशी असो की स्फटिक, चित्रातला ठिपका तो ठिपकाच.

इमेज-जेने एकामागून एक पाळायच्या आज्ञांची लिहून ठेवलेली यादी म्हणजे मॅक्रो. तो लिहायला संगणकाची भाषा आधी शिकून यावी लागत नाही. प्लगइन्स मेनूत मॅक्रोज आणि त्यात 'रेकॉर्ड' आहे. ती खिडकी उघडी ठेवून नेहमीसारखं काम करायचं. मेनूतून मीडियन फिल्टर निवडला आणि त्रिज्या २ दिली, की खिडकीत एक ओळ उमटते: 'रन', कंसात फिल्टरचं नाव आणि 'रेडियस=२'. मोजपट्टी लावली की दुसरी ओळ. अर्धा तास काम केलं की पंधरा-वीस ओळींचा मजकूर तयार असतो, आणि त्यात आपण काय-काय केलं ते क्रमाने लिहिलेलं असतं. चुकून दाबलेल्या बटणांच्या ओळी खोडायच्या, बाकीच्यांभोवती 'या फोल्डरमधलं प्रत्येक चित्र घे' अशी फेरी लिहायची, झाला मॅक्रो. माझ्या विद्यार्थ्याने पहिल्यांदा तो चालवला तेव्हा चित्रं एकामागून एक उघडत-मिटत गेली आणि शेवटी आकड्यांचा तक्ता समोर आला. तो म्हणाला, "मॅडम, हे तर मी केलेलंच सगळं परत करतंय." तसंच ते होतं. त्याने जे ठरवलं नव्हतं, ते मॅक्रो करत नव्हता.

म्हणून ठरवण्याकडे लक्ष द्यावं लागतं, आणि आमचा बहुतेक वेळ तिथेच जातो. कॅमेऱ्याचं स्वयंचलित एक्स्पोजर आधी बंद. ते चालू राहिलं तर काळ्या मॅग्नेटाइटने भरलेल्या जागी कॅमेरा उजेड वाढवतो, मोकळ्या जागी कमी करतो, आणि 'इतक्या उजेडाच्या वर ते प्लॅजिओक्लेज' ही थ्रेशोल्डची रेषा दर चित्राला सरकते. चित्रं टिफमध्ये साठवायची. जेपेगमध्ये फाइल लहान करताना ठिपक्यांची मूल्यं बदलतात. कोऱ्या काचेचं एक चित्र घेऊन ठेवायचं, म्हणजे दिव्याचा उजेड कडेला कमी पडतो तो नंतर वजा करता येतो. मोजपट्टीसाठी स्टेज मायक्रोमीटर: १ मिलिमीटरचे १०० भाग, प्रत्येक भाग १० मायक्रॉनचा. भिंग बदललं की मोजपट्टीही बदलायची.

प्लॅजिओक्लेजची स्वतःची अडचण निराळी. साध्या प्रकाशात ते आणि काच जवळजवळ सारखीच उजळ दिसतात. ध्रुवक आडवे लावले तर काच काळी पडते आणि प्लॅजिओक्लेज उठून दिसतं, पण सगळं नाही. प्रत्येक स्फटिक फिरवताना दर ९० अंशांनी एकदा विझतो, आणि ज्या क्षणी चित्र घेतलं त्या क्षणी विझलेले स्फटिक मोजणीतून गळतात. त्यावर उपाय असा: सूक्ष्मदर्शकाचं टेबल १५-१५ अंशांनी फिरवत ० ते ७५पर्यंत सहा चित्रं घ्यायची, मॅक्रोने ती तितकीच उलटी फिरवून एकावर एक बसवायची आणि प्रत्येक ठिकाणी सहांपैकी सर्वांत उजळ मूल्य ठेवायचं. एका जागी विझलेला स्फटिक दुसऱ्या जागी पेटलेला असतोच. मेनूत याला 'झेड प्रोजेक्ट' म्हणतात. पण भिंगाचा मध्य आणि टेबलाचा मध्य स्क्रूने आधी जुळवलेला नसेल तर सहा चित्रं बसत नाहीत, आणि ते जुळवणं मॅक्रोच्या हातात नाही.

पुढचा टप्पा कणांचं विश्लेषण. प्रत्येक ठिपक्याचं क्षेत्रफळ, लांबी, रुंदी, कोन, वर्तुळाकारपणा असं सगळं तक्त्यात येतं. वर्तुळाकारपणा म्हणजे क्षेत्रफळाला ४ पायने गुणून परिघाच्या वर्गाने भागायचं. पूर्ण वर्तुळाला १, लांबट पट्टीला बरंच कमी. लाव्हातल्या वायूचे गोल बुडबुडे एवढ्यावरच वेगळे निघतात. पण इथे एका आज्ञेचा मोह टाळावा लागतो. 'वॉटरशेड' ही आज्ञा चिकटलेले कण आपोआप तोडते. गोल पेशींसाठी ती उत्तम आहे. एकमेकींना छेदणाऱ्या लांब पट्ट्यांवर चालवली की एका लांब स्फटिकाचे चार आखूड तुकडे होतात. आलेखात बारीक स्फटिकांची गर्दी दिसते आणि लोट भराभर थंड झाला असं वाटायला लागतं. हजार स्फटिकांवर ही चूक सारखीच होते, म्हणून ती विखुरलेल्या चुकांसारखी उठून दिसत नाही.

म्हणून आमचा मॅक्रो मध्येच थांबतो. 'वेट फॉर यूजर' अशी आज्ञा आहे. तिथे आली की पडद्यावर सूचना येते आणि यंत्र वाट पाहतं. विद्यार्थी चिकटलेल्या पट्ट्या बघतो, मूळ चित्राशी ताडून पाहतो, पेन्सिलने मधली रेघ ओढतो आणि 'ओके' दाबतो. पुढचं काम पुन्हा मॅक्रोचं. विद्यार्थ्याने ओढलेल्या रेघा मॅक्रो वेगळ्या फाइलमध्ये साठवून ठेवतो. 'बॅच मोड' चालू केला की चित्रं पडद्यावर येत नाहीत आणि काम कितीतरी पटींनी वेगात होतं, पण या टप्प्यावर तो आम्ही बंद ठेवतो. माणसाला दाखवायचंच असेल तर चित्र दिसायला हवं.

एका छेदात मोजलेल्या क्षेत्रफळावरून खडकातलं खनिजाचं प्रमाण काढता येतं, हे फ्रेंच भूशास्त्रज्ञ दलेस यांनी १८४७ साली दाखवलं. ते घासलेल्या दगडावर तेलकट कागद ठेवून खनिजांच्या कडा गिरवत, तो कागद कथलाच्या पत्र्यावर चिकटवून तुकडे कापत आणि प्रत्येक खनिजाचे तुकडे तराजूत वजन करत. मला ही पद्धत फार आवडते, कारण तिच्यात काय मोजलं ते टेबलावर पडलेलं दिसतं. वजनाबद्दल शंका आली तर कापलेला तुकडा उचलून पुन्हा बघता येतो. मॅक्रोनेही मला तेच परत मिळवून दिलं आहे. 'किमान आकार ३० मायक्रॉन' अशी ओळ त्यात आहे. कापाची जाडीच तेवढी असल्यामुळे त्याहून लहान स्फटिक पूर्णच्या पूर्ण कापात मावतात आणि त्यांची मोजणी वेगळ्या हिशेबाने करावी लागते. हे कारण त्या ओळीच्या शेजारीच, दोन तिरप्या रेषांनंतर लिहून ठेवलेलं आहे. त्या रेषांनंतरचा मजकूर यंत्र सोडून देतं, तो पुढच्या माणसासाठी असतो. ३०च्या जागी ५० हवेत असं कुणाला वाटलं तर तो बदलून बघू शकतो, आणि आलेख किती सरकतो ते त्याला त्याच दिवशी कळतं.

म्हणूनच विद्यार्थ्यांच्या प्रबंधात मला मॅक्रोची फाइल जोडलेली हवी असते. 'संगणकावर मोजलं' एवढ्याने मी समाधान मानत नाही. किती वेगाने काम झालं हे मी विचारत नाही. कुठल्या ओळीला काय ठरवलं आणि का, हे विचारते.

पोलादपूर थराचे काप झाल्यावर आता आंबेनळीचे घेतले आहेत. मॅक्रो तोच ठेवायचा, एकही आकडा बदलायचा नाही, असं आम्ही ठरवलं आहे. थर बदलला म्हणून थ्रेशोल्ड बदलला तर दोघांची तुलनाच करता येणार नाही. गेरूला मात्र यातलं काही लागू होत नाही. त्यातली माती इतकी बारीक आहे की साध्या सूक्ष्मदर्शकात स्फटिक म्हणून काही वेगळं दिसतच नाही. त्यासाठी क्ष-किरणांची पद्धत वापरावी लागेल, आणि तिच्यासाठी घाटातल्या लाल पट्ट्याचे नमुने येत्या हिवाळ्यात आणायचे आहेत.