फडताळातलं पत्रक आणि मिठाचं पाणी

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, तांदळाचे पापड, मुरमुऱ्याचा चिवडा सांगायचा सोडून ही बाई आज आम्हांला शेती शिकवणार की काय! पण थोडं ऐका. आपल्यापैकी कितीजणी अशा आहेत, की राहायला शहरात, नवऱ्याची नोकरी शहरात, आणि गावी दोन-तीन एकर धानाची शेती आहे? आमच्या तुमसरात तर घरोघरी हीच तऱ्हा. मोठी बाजारपेठ धानाची, गिरण्या धानाच्या, आणि बोलणंही धानाचंच.

आमचीही तीन एकरांची बांधी आहे. सात-बारा यांच्या नावावर. मी सकाळी शाळेत अर्धवेळ शिकवते, दुपारी घर. पण बियाणं निवडणं, ठेवणं, रोवणीच्या बायांना निरोप धाडणं, त्यांचा चहा आणि हिशेब हे सारं सासूबाईंकडे आणि माझ्याकडे. त्या वर्षी पऱ्हे टाकले आणि निम्मे उगवलेच नाहीत. जिथे उगवले तिथेही विरळ, पिवळे. शेवटी दुसऱ्याकडून पऱ्हे विकत घेतले, रोवणी लांबली, आणि लेकीच्या सायकलीसाठी बाजूला ठेवलेले पैसे चिखलात गेले.

दिवाळीची साफसफाई करताना फडताळातला कागद बदलायला काढला. लोणच्याच्या बरणीखाली तेलाचा डाग पडलेलं एक पत्रक निघालं, ‘धानाच्या बियाण्याची मिठाच्या पाण्याची प्रक्रिया’. यांना एका शेतकरी मेळाव्यात मिळालेलं. यांनी खिशातून टेबलावर टाकलं, आणि मी शहाणीने ते बरणीखाली घातलं! मी यांच्यावर चिडले, मग स्वतःवर चिडले. सासूबाई एवढंच म्हणाल्या, “कागद ज्याच्या हातात द्याचा, त्याच्या हातात देल्लाच नाही.”

त्यांचं खरंच होतं. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास योजना सुरू झाली. गावोगाव ग्रामसेवक आले, ग्रामसेविका आल्या. पण वाटणी अशी झाली, की पिकाची गोष्ट पुरुषांना आणि चूल, आहार, शिवण बायकांना. पुढे १९६९ साली अकोल्याचं कृषी विद्यापीठ झालं, १९७४ साली पुदुच्चेरीला देशातलं पहिलं कृषी विज्ञान केंद्र निघालं, आणि आज आपल्या जिल्ह्यातही साकोलीला असं केंद्र आहे. तालुक्याला कृषी अधिकारी असतात, गावाला सहायक कृषी अधिकारी. सल्ला द्यायला माणसं आहेत. तो घरातल्या बाईपर्यंत पोचायचा मात्र राहतो, कारण ती विचारायला जात नाही.

मी गेले. भीत भीतच गेले, सोबत सासूबाईंना घेऊन. “घरचे नाही आले का?” असं पहिल्यांदा विचारलंच. सासूबाई म्हणाल्या, “बियाणं आम्हीच टाकतो, आम्हांलेच सांगा.” मग मात्र नीट समजावून सांगितलं. तेच तुम्हांला सांगते.

दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवायचं. त्यात बियाणं ओतून ढवळायचं. पोचट आणि रोगट दाणे वर तरंगतात, ते काढून टाकायचे. तळाशी बसलेलं जड बी दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुवायचं, म्हणजे मिठाचा त्रास अंकुराला होत नाही. मग चोवीस तास सावलीत वाळवायचं. त्यानंतर बुरशीनाशक चोळायचं असेल तर किती, ते विचारूनच घ्यावं. एक मात्र लक्षात ठेवा. औषधाला वापरलेलं घमेलं पुन्हा स्वयंपाकघरात आणायचं नाही, आणि हात साबणाने धुवायचे.

दुसरी गोष्ट राखेची. गिरणीतून निघणाऱ्या तुसाची काळी राख आपण उकिरड्यावर टाकतो. ती पऱ्ह्यांच्या वाफ्यात दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मिसळली, तर तिच्यातल्या सिलिकामुळे रोप ताठ होतं, खोडकिडीला तोंड देतं. धुऱ्यावर गिरिपुष्प लावलं तर त्याचा पाला चिखलणीआधी बांधीत घालता येतो, आणि तेवढा युरिया वाचतो.

माती तपासायची तर बांधीत आठ-दहा ठिकाणची माती घ्यायची. झाडाखालची, धुऱ्यालगतची, शेणखताच्या ढिगाजवळची घ्यायची नाही. सगळी एकत्र करून त्यातली अर्धा किलो पिशवीत भरायची. आपण वरणाची चव एका चमच्यावरून ओळखतो ना, पण आधी ढवळून! तसंच हे. मृदा आरोग्य पत्रिका २०१५ पासून मिळते. आमच्या पत्रिकेवरून कळलं, की आम्ही काही खतं उगाचच जास्त टाकत होतो.

आणि पाण्याचं विसरू नका. आपला जिल्हा तलावांचा. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधलेले हे तलाव १९५१ साली मालगुजारी गेल्यावर सरकारजमा झाले, आणि ‘मामा तलाव’ म्हणवू लागले. मामाचे म्हटले, म्हणजे आपले कोणाचेच नाहीत! गाळ साचला, बेशरम माजली. २०१७ साली राज्याने धरण-तलावांतला गाळ काढून शेतात नेण्याची योजना आणली. तिकडे गोंदिया जिल्ह्यात ढिवर समाजातल्या बायापुरुषांनी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या साथीने तलावांतली बेशरम उपटली, जुन्या पाणवनस्पती लावल्या, आणि देशी मासे परत आणले. काठावर राहणाऱ्यांनी मनावर घेतलं की काय होतं, ते यावरून कळतं.

तेव्हा रोहिणी लागायच्या आत एक दिवस काढा. सहायक कृषी अधिकारी गावात कोणत्या वारी येतात ते विचारून ठेवा. ग्रामसभेला जा, तलावाचा विषय काढा. सात-बारावर नाव कोणाचं का असेना, प्रश्न तुम्ही विचारा. कोणी हसलं तर हसू द्या.

पुढच्या हंगामात आम्ही मिठाच्या पाण्यातून काढलेलं बी टाकलं. पऱ्हे पुरले, थोडे शेजारणीलाही दिले. लेकीला सायकल एक वर्ष उशिरा मिळाली. पत्रक आता फडताळाच्या दारावर, आतल्या बाजूला, कॅलेंडरशेजारी चिकटवलंय. डाग अजून आहे, पण वाचता येतं!