क्लाउड कोसळल्यावर हात कोणाचे?

२० ऑक्टोबर २०२५ ला, ऐन नरक चतुर्दशीच्या दुपारी, ॲमेझॉनची क्लाउड सेवा कोलमडली. स्नॅपचॅट ते ब्रिटनची लॉइड्स बँक, कोणकोण अडकलं ते वाचकांना ठाऊक आहे. मला त्या यादीपेक्षा कंपनीचा नंतरचा अहवाल महत्त्वाचा वाटतो.

डायनॅमोडीबी या डेटाबेसचा डीएनएस पत्ता आपोआप सांभाळणारे दोन प्रोग्रॅम एकमेकांच्या आड आले आणि पत्त्याची नोंदच रिकामी झाली. यंत्रणेला ती परत भरता येईना. ती माणसांनी हाताने भरली. पुढे व्हर्च्युअल सर्व्हर सांभाळणारी यंत्रणा साचलेल्या कामाखाली दबली. तिला सावरायची ठरलेली पद्धतच नव्हती, असं अहवाल सांगतो. कामाचा ओघ आवळून, निवडक मशीन रीस्टार्ट करत इंजिनीअरांनी ती वर काढली.

बिघाड असा हाताने सावरण्याचं ज्ञान आपल्याकडे किती जणांकडे उरलंय? हिंजवडीतली हुशार मुलं क्लाउडच्या कन्सोलवर सराईत आहेत. मेमरी संपली की मोठा इन्स्टन्स घेतात. ती कोणत्या प्रोसेसने खाल्ली ते बघत नाहीत. 'डिग' कमांड मारून नाव कुठल्या आयपीवर जातंय ते बघ म्हटलं की थबकतात. दोष त्यांचा नाही. ती वेळच त्यांच्यावर कधी आलेली नसते.

लिझान बेनब्रिज या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्येच हे लिहून ठेवलं होतं. 'आयरनीज ऑफ ऑटोमेशन' हा त्यांचा निबंध कारखान्यांतल्या कंट्रोल रूमविषयी आहे, पण प्रत्येक आयटी मॅनेजरने तो वाचावा. ऑटोमेशन सोपी कामं काढून घेतं आणि सर्वांत अवघड तेवढी माणसावर सोडतं. रोजचा सराव सुटलेला असतो, आणि नेमक्या त्याच माणसाने आणीबाणीत अचूक वागावं अशी अपेक्षा असते. उपायही त्यांनी सुचवला: प्रत्येक पाळीत थोडा वेळ ऑपरेटरला हाताने यंत्र चालवू द्या, ते जमत नसेल तर सिम्युलेटरवर सराव द्या.

क्लाउड सोडा, असं माझं म्हणणं नाही. ३७सिग्नल्स या सॉफ्टवेअर कंपनीने स्वतःचे सर्व्हर घेऊन खर्च वाचवला, पण त्यांच्याकडे ते चालवणारी मुरलेली माणसं आधीपासून होती. छोट्या स्टार्टअपला ते परवडणार नाही. सराव मात्र सगळ्यांना परवडतो. टीम लीडनी महिन्यातून एक दुपार काढावी, टेस्ट सर्व्हर मुद्दाम बिघडवावा आणि कन्सोल बंद ठेवून तो मुलांकडून दुरुस्त करून घ्यावा. कॉलेजांनीही लिनक्सची लॅब निव्वळ जर्नलपुरती ठेवू नये.