कलम, काडी आणि लॅव्हेंडर : बागायतीच्या शिक्षणात शब्दांचे कार्य

कोणतेही पीक एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात जाते तेव्हा तीन गोष्टी बरोबर जाव्या लागतात : रोप, रोपाचे नाव आणि त्या रोपाविषयीचे ज्ञान. रोप गलबतातून अथवा मोटारीतून जाते. नाव तोंडातोंडी जाते. ज्ञान मात्र कोणीतरी शिकविल्यावाचून जात नाही. ह्या तिहींची ताटातूट झाली म्हणजे काय होते, ह्याचा विचार करण्यास रत्नागिरी जिल्ह्याइतके सोयीचे क्षेत्र दुसरे क्वचितच सापडेल. काश्मीरकडील लॅव्हेंडरच्या शेतीची वार्ता सर्वत्र पोचल्यापासून हा विचार केवळ भाषाभ्यासकांपुरता राहिलेला नाही. जमिनीचा तुकडा आणि गाठीची पुंजी ज्याला कोठे गुंतवावयाची आहे, त्या तरुण बागायतदाराचाही तो प्रश्न आहे.

प्रथम ‘कलम’ हा शब्द घेऊ. अरबी-फारसीमार्गे मराठीत आलेल्या ह्या शब्दाचा मूळ अर्थ बोरूची लेखणी. तिरपा छेद दिलेली काडी हे लेखणीचे आणि लावावयाच्या फांदीचे समान रूप. त्यामुळे फारसीतच तो शब्द बागेत शिरला. मराठीत त्याला आणखी फाटे फुटले. कायद्याचे कलम निराळे आणि आंब्याचे कलम निराळे. रत्नागिरीकडे तर नुसते ‘कलम’ म्हटले की बांधून केलेले आंब्याचे झाड असाच अर्थ घेतला जातो, आणि बाग मोजतात ती कलमांवर. त्याच्या विरुद्ध बाजूस ‘रायवळ’ हा शब्द उभा आहे. रायवळ म्हणजे कोयीपासून आपोआप वाढलेला आंबा. ह्या दोन शब्दांच्या विरोधात वनस्पतिशास्त्रातील एक मोठे सत्य साठविलेले आहे : हापूसची कोय पेरली असता हापूसच मिळेल असे नाही, हापूस हवा असेल तर हापूसची काडीच लावली पाहिजे.

विद्या परकी आणि शब्दही परका, असे मात्र म्हणता येत नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त वृक्षायुर्वेदाचा स्वतंत्र अध्याय असून त्यात फांदी लावण्याचा व एका झाडावर दुसऱ्याची काडी बसविण्याचा विचार आहे. तथापि पश्चिम किनाऱ्यावरील आंब्याच्या निवडक जाती कलमांनी टिकविण्याच्या प्रथेस पोर्तुगीज अमदानीत विशेष चालना मिळाली. ‘हापूस’ हे नाव अफोन्सो ह्या पोर्तुगीज नावाचे रूपांतर मानले जाते. काजू, अननस, पपई ही नावेही त्याच दर्यामार्गाने आली. आज ह्या शब्दांत परकेपणाचा लेशही उरलेला नाही, कारण रोप, नाव आणि ज्ञान ही तिन्ही येथे एकत्र नांदली.

हे ज्ञान कसे नांदले ते कलमांच्या प्रकारांच्या नावांवरून स्पष्ट होते. ‘भेट कलमा’त कुंडीतील रोप मातृवृक्षाच्या फांदीजवळ नेऊन दोघांच्या साली तासून एकमेकींस भेटवितात, जोड सांधेपर्यंत काडी मूळ झाडापासून तोडीत नाहीत. ‘पाचर कलमा’त काडीला पाचरीचा आकार देऊन ती खुंटाच्या चिरेत बसवितात. ‘गुटी कलमा’त फांदीवरील सालीचे वलय काढून तेथे ओले शेवाळ बांधतात. ‘दाब कलमा’त फांदी वाकवून मातीत दाबतात. ‘छाट कलमा’त छाटलेली काडी सरळ जमिनीत लावतात. प्रत्येक नाव म्हणजे एक क्रियापद आहे. नाव उच्चारताच हाताने काय करावयाचे ते समजते.

‘कोय कलम’ हे ह्याच परंपरेतील अलीकडचे नाव. पावसाळ्याच्या आरंभी कोयी रुजवितात. रोप दहापंधरा दिवसांचे, पाने तांबूस आणि देठ कोवळा असतानाच त्याचा शेंडा छाटून त्यात हापूसच्या काडीची पाचर बसवितात आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने जोड बांधतात. काडीची व खुंटाची सालीखालील वाढणारी पेशींची थर-रेषा निदान एका बाजूस तरी जुळली पाहिजे, अन्यथा जोड सांधत नाही. दापोली येथे १९७२ साली कोकण कृषि विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर ह्या पद्धतीचा फार मोठा प्रसार झाला. १९९० साली महाराष्ट्र शासनाने फळबाग लागवड रोजगार हमी योजनेशी जोडली, तेव्हा लागणारी कलमे मोठ्या संख्येने पुरविता आली त्याचे एक कारण हेच होय. विद्यापीठाने ह्या पद्धतीस संस्कृतप्रचुर नाव न देता कोकणी बागायतदाराच्या तोंडचे दोन शब्द जोडून दिले, ही गोष्ट प्रसाराच्या दृष्टीने लहान नव्हे.

विद्यापीठाबाहेर स्वेच्छेने चालणाऱ्या बागायती शिक्षणाचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे ‘प्रयोग परिवार’. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणिताचे अध्यापन करणारे श्री. अ. दाभोलकर ह्यांनी ही चळवळ उभी केली, आणि ती द्राक्षबागायतदारांत विशेष रुजली. पुढे शहरांतील गच्चीवरच्या बागांपर्यंतही तिचे विचार पोचले. तिचे सूत्र असे की शेतकऱ्याने तयार कृती घेऊ नये. आपल्या जमिनीत प्रयोग करावा, निरीक्षण नोंदवावे आणि ते इतरांस सांगावे. दाभोलकरांच्या ‘विपुलाच सृष्टी’ ह्या ग्रंथात हाच विचार मांडलेला आहे. भाषेच्या अंगाने पाहता ह्या शिक्षणात आज्ञार्थापेक्षा प्रश्नार्थाला अधिक महत्त्व आहे : ‘हे लावा’ असे न सांगता ‘हे येथे का वाढते?’ असे विचारणे.

लॅव्हेंडरच्या बाबतीत नेमका हाच प्रश्न विचारावयास हवा. जम्मू-काश्मीरमधील डोडा जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवरील भदरवाहच्या परिसरात, वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या जम्मू येथील संस्थेने ‘अरोमा मिशन’द्वारा ही शेती पसरविली. मक्याच्या शेतांत जांभळी फुले आली, ऊर्ध्वपातनाने तेल निघू लागले, आणि २०२२ साली तेथे लॅव्हेंडर महोत्सवही भरला. ह्या वृत्तांतून ‘उंच प्रदेशातील पीक’ एवढीच ओळख दूरच्या वाचकापर्यंत पोचते. मराठी वाचक ‘उंच प्रदेश’ ह्या शब्दाचा अर्थ ‘थंड हवेचे ठिकाण’ असा लावतो, आणि त्याच्या मनात सह्याद्री उभा राहतो. येथेच शब्द फसवितो.

महाबळेश्वरची उंची सुमारे १३७० मीटर, म्हणजे भदरवाहहून फार कमी नाही. परंतु तेथे वर्षाकाठी ५,००० मिलीमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि माती जांभ्याची, आम्लधर्मी आहे. लॅव्हेंडर हे मूळचे भूमध्यसमुद्राकाठचे झुडूप. त्यास निचऱ्याची, चुनखडीयुक्त जमीन व कोरडा उन्हाळा मानवतो. मुळांशी पाणी साचले की ते कुजते. महाबळेश्वरास स्ट्रॉबेरी होते हे खरे. पण तिची रोपे पाऊस ओसरल्यावर लावतात आणि पुढील पावसाळ्यापूर्वी पीक संपते. लॅव्हेंडर बहुवर्षायू आहे. त्याला चार महिन्यांचा पाऊस शेतातच उभे राहून सोसावा लागेल. समुद्रसपाटीच्या रत्नागिरीत तर ३,००० मिलीमीटरांहून अधिक पावसाच्या जोडीला वर्षभर उष्ण व दमट हवा आहे. तात्पर्य, उंची ही अटींपैकी एक अट आहे. संपूर्ण अट नव्हे.

गंमत अशी की हे झुडूप समजून घेण्यास लागणारे शब्द रत्नागिरीच्या बागायतदारापाशी आधीपासूनच आहेत. लॅव्हेंडरची बियांपासून झालेली झाडे एकसारखी निघत नाहीत, म्हणून त्याची अभिवृद्धी काडीनेच करतात. म्हणजे रायवळ आणि कलम हा भेद तेथेही लागू आहे, आणि भदरवाहचा शेतकरी जे करतो ते मराठीत छाट कलमच होय. मराठी माणसास ‘लॅव्हेंडर’ हे नाव साबणामुळे व अत्तरामुळे परिचित आहे, झुडपामुळे नाही. तरी त्याचे तत्त्व त्यास परके नाही. भाषा पुरेशी आहे. पुरेशी नाही ती हवा.

म्हणून बागायती शिक्षणाचे कार्य नव्या पिकाचे नाव पोचविण्यापाशी संपत नाही. ज्या भूमीत सुरंगी, बकुळ, केवडा आणि सोनचाफा पावसासह नांदतात, तेथील सुगंधी शेतीचा विचार ह्या झाडांपासून आरंभिणे हा अधिक तर्कशुद्ध मार्ग ठरेल. त्याचबरोबर कलम बांधणाऱ्या हातांची परिभाषा गावोगाव नोंदविली गेली पाहिजे. रोपवाटिकेतून तयार कलम विकत घेणाऱ्या पिढीस ‘भेट’ आणि ‘पाचर’ ह्यांतील फरक सांगण्याची गरज पडू लागली, की शब्द प्रथम कोशात जातो आणि त्यामागची कृती मागाहून विस्मरणात जाते. खुंट आणि काडी जोडताना साल सालीशी जुळावी लागते. नवे ज्ञान आणि लोकभाषा ह्यांच्या जोडासही दुसरा नियम नाही.