मुठीआधी पाऊल

काही महिन्यांपूर्वी खुब्याचे हाड मोडलेल्या एका आजींना मी विचारले, “घसरलात का?” त्या म्हणाल्या, “नाही हो डॉक्टर. ओट्याशी उभी होते, दाराची घंटा वाजली म्हणून वळले.” धड वळले, पावले जागीच राहिली आणि एक पाय दुसऱ्यात अडकला. उतारवयातील कितीतरी पडणी अशी वळतानाच घडतात. पुढे भीती बसते, भीतीने चालणे कमी होते आणि न चालल्याने पाय अधिकच दुबळे होतात.

हे चक्र तोडण्यासाठी मी आपणांस एक अनपेक्षित उपाय सुचवणार आहे : मुष्टियुद्धाचे प्राथमिक धडे. दचकू नका. चांगला प्रशिक्षक ठोसा नंतर शिकवतो. आधी उभे राहणे आणि पाऊल टाकणे शिकवतो. अमेरिकेत इंडियानापोलिस येथे पार्किन्सन झालेले माजी सरकारी वकील स्कॉट न्यूमन यांनी २००६ साली याच सरावावर आधारलेला ‘रॉक स्टेडी बॉक्सिंग’ हा उपक्रम पार्किन्सनच्या रुग्णांसाठी सुरू केला. तेथे कोणी कोणाला मारत नाही. आपल्यालाही मारामारी नको, तोल हवा.

पहिला धडा पवित्र्याचा. ओट्याजवळ, मागे भक्कम खुर्ची ठेवून उभे राहा. पावलांत खांद्यांइतके अंतर, एक पाऊल थोडे पुढे, गुडघे किंचित सैल, भार दोन्ही पायांवर सारखा, नजर समोर. श्वास न रोखता दहा अंक मोजा आणि पाय बदला.

दुसरा धडा पदलालित्याचा. ज्या दिशेला जायचे, त्या बाजूचे पाऊल आधी हलवा. दुसरे तेवढेच मागोमाग आणा. पावले एकमेकांना चिकटू नयेत, ओलांडू तर मुळीच नयेत. दोन पुढे, दोन मागे, दोन बाजूंना.

तिसरा धडा कंबरेचा. ठोशाचे बळ केवळ दंडात नसते. ते जमिनीवरून पाय आणि खुब्यांमार्गे वर येते. ओट्यावर एक हात ठेवून भार मागच्या पायावरून पुढच्या पायावर न्या. त्याच वेळी मागची टाच अलगद उचलून ते पाऊल चवड्यावर वळू द्या. पाऊल, गुडघा आणि खुबा एकत्र वळावेत. पाठ पिळू नये.

आरंभी दिवसातून पाच मिनिटे पुरेत. जमीन कोरडी असावी, पायपुसणे बाजूला सारावे, पायांत न घसरणारी, घट्ट बसणारी चप्पल वा बूट असावेत. सोबत करणाऱ्याने दुबळ्या बाजूला, किंचित मागे उभे राहावे. हात धरून ओढू नये.

रक्तदाब आटोक्यात नसेल, हृदयविकार असेल, हाडे ठिसूळ असतील, वारंवार चक्कर येत असेल किंवा नुकतीच सांध्याची वा डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून सुरुवात करू नका. सराव करताना छातीत दुखले, दम लागला वा भोवळ आली तर तत्काळ थांबून बसा. छातीतील दुखणे बसल्यावरही न थांबल्यास विनाविलंब रुग्णालय गाठा.

त्या आजी आता आधार घेऊन पुन्हा ओट्याशी उभ्या राहतात. घंटा वाजली की त्या आधी पावले वळवतात, मग अंग. दाराशी आलेला माणूस तेवढा वेळ थांबतो.