आगोटीच्या यादीत एक लस

मागच्या भागात रक्तदाबाच्या गोळ्यांविषयी लिहिलं, तेव्हा ‘पावसाळ्यातल्या तापाचं काय?’ असं अनेकांनी विचारलं. पाऊस दारात आहे, म्हणून या आठवड्यात तेच.

मे सरत आला की आपल्या किनाऱ्यावर आगोटीची गडबड उडते. तांदूळ, मसाला, लाकूडफाटा, आणि डबे भरून सुकट, सोडे, बोंबील. ज्या घरात कुणाची अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली आहे, कुणाचं हृदय कमजोर आहे, त्या घरानं या बेगमीत फ्लूची लसही धरावी, हे मी दर वर्षी कळकळीनं सांगतो.

फ्लू थंडीतला आजार, असं आपण ऐकलेलं असतं. महाराष्ट्रात मात्र त्याची मोठी लाट येते ती जुलै ते सप्टेंबरात, ऐन पावसात. लस टोचल्यावर अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन आठवडे लागतात. म्हणून मृगाआधी घेतलेली लस श्रावणात उपयोगी पडते. विषाणू रूप बदलत राहतो, त्यामुळे ती दर वर्षी घ्यावी लागते.

ताप एक अंश सेल्सिअसनं चढला की नाडी मिनिटाला साधारण १० ठोक्यांनी वाढते. धडधाकट हृदय हे ओझं पेलतं, थकलेल्या हृदयाला ते जड जातं. शिवाय संसर्गाशी झुंजताना रक्त गोठण्याकडे झुकतं आणि रक्तवाहिनीतला चरबीचा थर फुटून तिथे गुठळी धरू शकते. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. फ्लूचं निदान झाल्यावर पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण एरवीच्या सहापट आढळलं. २०२१ साली बांगलादेशसह आठ देशांतला प्रयोग समोर आला. हार्ट अटॅकनंतर लगेच लस दिलेल्यांत वर्षभरात २.९ टक्के दगावले, न दिलेल्यांत ४.९ टक्के.

गेल्या पावसाळ्यात एक मावशी आल्या. चार दिवस ताप, तोंडाला चव नाही. सुनेनं मायेनं उकड्या तांदळाची पेज दिली, सोबत भाजलेलं सुकट आणि लोणचं. पायावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला. तीन दिवसांत वजन दोन किलोनं वाढलेलं, रात्री आडवं होता येईना म्हणून उशांना टेकून बसलेल्या. ताप उतरत होता, पण मिठानं अंगात पाणी धरलं होतं. पेज उत्तमच, सुकट आणि लोणचं मात्र बाजूला ठेवा. पाण्यात फसफसणाऱ्या पॅरासिटामॉलमध्येही सोडियम भरपूर असतं, त्यापेक्षा साधी गोळी बरी. काढ्यात ज्येष्ठमध रोज पडलं तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं.

मेडिकलवाल्याला ‘सर्दीची काहीतरी द्या’ असं म्हणू नका. नाक मोकळं करणारं फेनिलेफ्रिन रक्तदाब वाढवतं. अंगदुखीवरचं आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक मिठासारखंच पाणी धरून ठेवतं. रोजच्या गोळ्या मनानं बंद करू नका. उलट्या-जुलाब असतील तर मात्र लघवीच्या गोळीबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. वजन रोज सकाळी करा आणि कॅलेंडरवर लिहा.

फ्लूवरचं ऑसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सर्वांत गुणकारी. हृदयरुग्णाला फ्लूची लक्षणं दिसली तर तपासणीच्या अहवालासाठी थांबू नये, डॉक्टरांनी ते सुरू करावं, असं सरकारी मार्गदर्शनही सांगतं. तेव्हा ‘दोन दिवस बघू’ यातच हे ४८ तास घालवू नका. आपल्याला तर ते अजिबात परवडत नाही. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद, आणि मुरूड-श्रीवर्धनहून रात्री मुसळधार पावसात पनवेल गाठायचं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. छातीत दुखलं, धाप लागली, ओठ निळसर दिसले, माणूस बरळू लागला, तर लगेच १०८ ला फोन करा.

मावशी आठ दिवसांत सावरल्या. या वर्षी मेच्या दुसऱ्या आठवड्यात स्वतःहून लस घ्यायला आल्या, सोबत नवऱ्यालाही घेऊन. त्यांच्या घरात आगोटीचं सुकट आहेच, पण सुनेनं तो डबा सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवला आहे.